सातबाऱ्यावरचे नाव : शेती-अनुदानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेतले गजबजलेले उपनगर आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते पवनेकाठचे लहानसे खेडे होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी त्या खेड्यातली जमीन, शेतातली मेहनत आणि माणसांच्या डोक्यावरचे कर्ज मोजून काढले. त्यांचा ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असतात. १७७१ मध्ये या गावात खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर. १५६ जमीनमालकांची जमीन ७१८ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यातले ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते.

शेती-अनुदानाच्या अभ्यासाची ओळख करून देताना मी मानसाहेबांपासून सुरुवात करतो, त्याला कारण आहे. सरकार शेतकऱ्याला जे काही देते, ते बहुतेक वेळा जमिनीच्या कागदावरून देते. तो कागद कोणाच्या नावावर आहे, त्यावर किती नावे आहेत, आणि त्या नावाचा माणूस खरोखर त्या वावरात राबतो का, हे ठाऊक असल्याशिवाय अनुदानाचा एकही आकडा नीट वाचता येत नाही. मानसाहेबांनी ही पायरी आधी चढून दाखवली. पुढच्या पायऱ्या चढायला माणसे हवी आहेत, आणि त्यांचे स्वागत करावे म्हणून हे लिहितो आहे.

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव हा पट्टा या अभ्यासाला विचित्र वाटेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने उभे राहिले. इथे शेती शिल्लक तरी कुठे आहे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शेती आहे. खेड तालुक्यात कांदा-बटाटा आहे, मावळात इंद्रायणी भात आणि पॉलिहाऊसमधला गुलाब आहे. १९९७ साली महापालिकेत आलेल्या चऱ्होली, मोशी, डुडुळगाव या गावांत अजूनही पेरणी होते. आणि जिथे शेती उरली नाही, तिथेही तिचे कागद उरले आहेत. कागद आणि वावर यांच्यातले अंतर इतक्या थोड्या वर्षांत इतके वाढलेला दुसरा मुलूख महाराष्ट्रात शोधावा लागेल. म्हणून हा विषय शिकायला याहून चांगली जागा नाही, असे माझे मत आहे.

सरकारी पैसा शेतीत कोणकोणत्या वाटांनी येतो, ते आधी थोडक्यात सांगतो. पहिली वाट थेट रोकडीची. २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली पीएम-किसान योजना वर्षाला ६,००० रुपये देते, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ काढून त्यात आणखी ६,००० घातले. दुसरी वाट निविष्ठांची : स्वस्त खत, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज, कालव्याचे कमी दराचे पाणी. तिसरी भांडवली खर्चाची : ठिबक, कांदाचाळ, पॉलिहाऊस, ट्रॅक्टर, शीतगृह. चौथी कर्जाची : विकास सोसायटीतून जिल्हा बँकेचे पीककर्ज, वेळेत फेडले तर व्याजात सवलत, आणि अधूनमधून कर्जमाफी. २००८ ची केंद्राची, २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची. पाचवी वाट विम्याच्या हप्त्याची. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा सुरू झाला. सहावी वाट बाजार पडल्यावर क्विंटलमागे दिल्या जाणाऱ्या मदतीची. या प्रत्येक वाटेवर कागद वेगळा, खाते वेगळे, अधिकारी वेगळा. एका कुटुंबाला वर्षभरात एकूण किती मिळाले, हे सांगणारी एकच वही कोणत्याही कार्यालयात नाही. ती अभ्यासकालाच तयार करावी लागते.

आता मुख्य मुद्दा. यातल्या बहुतेक वाटा सातबाऱ्यावरच्या नावापाशी येऊन थांबतात. आणि चाकण पट्ट्यात सातबाऱ्यावरचे नाव आणि शेतातले हात आता एकाच माणसाचे असतील असे धरून चालता येत नाही. मालक भोसरीत किंवा चिंचवडला राहतो, मुलगा कंपनीत कायम आहे, जमीन गावच्या किंवा बाहेरून आलेल्या एखाद्या कुटुंबाकडे निम्म्या वाट्याने किंवा खंडाने दिलेली आहे. हा व्यवहार तोंडी असतो. तो तोंडी राहण्याचे कारण १९४८ च्या कुळकायद्यात आहे. कसणाऱ्याला मालक करण्यासाठी तो कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि लाखो कुळे मालक झाली. आपल्या राज्यातल्या मोठ्या सामाजिक सुधारणांपैकी ती एक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यानंतर जमीन कसायला देणारा प्रत्येक मालक धास्तावून राहिला. वाटेकऱ्याचे नाव पीकपाहणीला लागले तर उद्या कूळ म्हणून उभा राहील, ही भीती आजही गावोगाव ऐकू येते. परिणामी ज्या कायद्याने कसणाऱ्याला नाव दिले, त्याच कायद्याच्या धाकाने पुढच्या पिढीतला कसणारा कागदावर येतच नाही. विमा नाही, पीककर्ज नाही, ठिबकचे अनुदान नाही, गारपिटीची भरपाई नाही. हे सगळे मालकाच्या खात्यात जाते. मालक भला असेल तर त्यातला वाटा देतो.

पीएम-किसानचे नियम पाहिले म्हणजे हे आणखी स्पष्ट होते. संस्थात्मक जमीनधारक, प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर, महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे यांना योजनेतून वगळले आहे. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असावी लागते. त्यानंतर वारसाहक्काने आली तरच ती धरली जाते. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. जमीन शहरी हद्दीत आहे की ग्रामीण, असा भेद नाही. लागवडीयोग्य असली म्हणजे झाले. यातला एकही नियम अन्यायाचा नाही. पण खेड किंवा मावळात हे नियम लावून बघा. कंपनीतला मुलगा प्राप्तिकर भरतो, जमीन मात्र वडिलांच्या नावावर, त्यामुळे वडील पात्र. शेजारी तीस वर्षे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस अपात्र. आणि ज्यांनी प्राप्तिकर भरत असूनही हप्ते घेतले, त्यांना पुढे वसुलीच्या नोटिसा आल्या. राज्यात अशा वसुलीची प्रकरणे बरीच झाली आणि तहसील कार्यालयांचा कितीतरी वेळ त्यात गेला.

एक प्रकरण जवळून पाहू, कारण चाकणच्या बाजाराशी त्याचा थेट संबंध आहे. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लेट खरीप लाल कांद्याचा भाव इतका पडला, की बाजारात नेण्याचा खर्चही अनेकांना निघेना. राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, मदत जाहीर केली. म्हणजे एका शेतकऱ्याला फार तर ७०,००० रुपये. याआधी २०१८-१९ मध्येही क्विंटलमागे २०० रुपयांची अशीच मदत झाली होती.

अर्ज बाजार समितीत करायचा होता. सोबत विक्रीची मूळ पट्टी, सातबारा, बँकेचे पासबुक, आधार. पट्टी म्हणजे आडत्याने दिलेला तो लांबट कागद : गोण्या किती, वजन किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन हातात काय आले. पडलेल्या बाजारात कित्येकांनी तो कागद खिशात घडी करून ठेवला आणि विसरले. भाव नाही तर कागदाला कोण जपतो? दुसरी अडचण सातबाऱ्याची. उताऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती, आणि ती नोंद २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून ई-पीक पाहणीत करायची होती. ज्याने केली नाही, त्याचा कांदा बाजारात विकला गेला, तोलला गेला, पण कागदावर पिकलाच नाही. ओरड झाल्यावर अशा लोकांसाठी गावपातळीवर पडताळणी करण्याची वाट काढावी लागली. तिसरी अडचण आपल्या विषयाच्या मुळाशी जाणारी आहे. पट्टी मुलाच्या नावावर आणि उतारा वडिलांच्या नावावर असेल तर सहमतीचे शपथपत्र घ्यायचे आणि रक्कम उताऱ्यावरच्या नावाच्या खात्यात जमा करायची, असे ठरले. बाप-लेकांत हे निभावून जाते. वाटेकऱ्याच्या बाबतीत काय होते, ते तुम्ही विचारायला जाल तेव्हा लोक आधी गप्प राहतात. नंतर सांगतात.

मदत टप्प्याटप्प्याने खात्यांत येत होती, तेवढ्यातच, ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ती मे २०२४ मध्ये उघडली. एकाच आर्थिक वर्षात एका सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये दिले आणि दुसऱ्या सरकारच्या निर्णयाने भाव खाली आले. पहिल्या रकमेची यादी मिळते. दुसरीची यादी कुठेच नाही, कारण जे हातात आलेच नाही त्याची पावती फाडली जात नाही. अनुदानाचा अभ्यास करणाऱ्याने या दोन्ही रकमा एकाच वहीत मांडल्या पाहिजेत, हे मला या सगळ्या प्रस्तावनेत सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे.

आणि हे पहिल्यांदा मोठ्या आवाजात सांगितले गेले ते चाकणलाच. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातली जागतिक टपाल संघाची नोकरी सोडून परत आले आणि १९७७ च्या सुमारास चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. त्यांच्या शेताचे नाव ‘अंगारमळा’. स्वतः पिकवलेल्या मालाचा जमाखर्च मांडताना त्यांच्या लक्षात आले, की तोटा हा शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा किंवा आळसाचा परिणाम नाही, तो धोरणाने ठरवलेला आहे. निर्यातबंदी, साठ्यावरची बंधने, परदेशातून ऐन हंगामात आणलेला माल अशा मार्गांनी भाव दाबून ठेवले जातात. चाकणच्या कांदा बाजारात आंदोलन उभे राहिले, १९७९ मध्ये ‘वारकरी’ साप्ताहिक निघाले, शेतकरी संघटना आकाराला आली. जानेवारी १९८० मध्ये भामनेर खोऱ्यातल्या रस्त्यासाठी तिथल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत मोठा मोर्चा चालत आला आणि त्याच वर्षी पुणे-नाशिक महामार्गावर चाकणला रस्ता रोको झाले. आज त्याच रस्त्यावर मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक ट्रेलरांची रांग असते.

जोशींनी अनुदान मागितले नाही. सरकार शेतकऱ्याला देते त्याहून जास्त त्याच्याकडून काढून घेते, म्हणजे भारतीय शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी, असा त्यांचा दावा होता. त्यावेळी हा दावा चळवळीच्या व्यासपीठावरचा मानला गेला. पण जागतिक व्यापार संघटनेच्या करारासाठी १९८६ ते १९८८ या पायाभूत काळाचा हिशोब मांडला गेला, तेव्हा भारताच्या पिकांना मिळणारा आधार खरोखरच उणे निघाला. २०१८ मध्ये ओईसीडी आणि दिल्लीच्या इक्रिअर या संस्थांनी मिळून केलेल्या अभ्यासात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरीने शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या उणे १४ टक्के भरला. यात खताचे, विजेचे, पाण्याचे अनुदान धरलेले आहे. ते धरूनही उणे.

या मांडणीवर झालेली टीकाही तितकीच गंभीरपणे वाचायला हवी. ही माल विकू शकणाऱ्या बागायतदारांची चळवळ आहे, मजुराला आणि दाणे विकत घेणाऱ्या अल्पभूधारकाला महाग धान्य परवडत नाही, असे डाव्या अभ्यासकांचे म्हणणे होते. गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या विदुषींनी चळवळीच्या बाजूने लिहिले. माझा स्वतःचा कल असा, की उणे सबसिडीचा हिशोब बरोबर आहे, पण तो ‘शेतकरी’ नावाच्या एकाच माणसाचा हिशोब आहे. भाव दाबल्याचा फटका विकणाऱ्या प्रत्येकाला बसतो, वाटेकऱ्यालाही. भरपाई मात्र फक्त उताऱ्यावरच्या नावाला मिळते. म्हणजे वाटेकऱ्याच्या वहीत केवळ उणे बाजू राहते. जोशींचे गणित आणि त्यांच्या टीकाकारांची काळजी इथे एकमेकांना येऊन मिळतात. या जागेवर अजून फारसे काम झालेले नाही.

खताची गोष्ट मात्र नेमकी उलट आहे. केंद्र सरकारने २०२२-२३ मध्ये खतांच्या अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च केले. पीएम-किसानचा वर्षाचा खर्च ६० हजार कोटींच्या आसपास असतो, म्हणजे खताचा खर्च त्याच्या चौपट. हा पैसा शेतकऱ्याच्या खात्यात येत नाही, तो खत कंपन्यांना मिळतो. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते आणि तिची खरी किंमत त्याच्या कित्येक पटींनी जास्त असते. २०१८ पासून कृषी सेवा केंद्रात पॉस मशीनवर आधारचा अंगठा लागला, विक्री नोंदली गेली, की मग कंपनीला अनुदान मिळते.

अभ्यासाच्या दृष्टीने यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्या मशीनला सातबारा लागत नाही. वाटेकरी, खंडकरी, दुसऱ्याच्या शेतात भाजी करणारी बाई, कोणीही अंगठा देऊन गोणी नेऊ शकते. शेतकऱ्याच्या नावाने दिलेली रोकड कसणाऱ्याला चुकवून जाते, आणि कंपनीला दिलेले पैसे स्वस्त गोणीच्या रूपाने कसणाऱ्यापर्यंत पोहोचतात. या व्यवस्थेचे तोटे मी झाकत नाही. युरिया स्वस्त आणि बाकीची खते महाग राहिल्याने जमिनीत नत्राचा भडिमार होतो, अनुदानाचा युरिया प्लायवूडसारख्या उद्योगांकडे वळवला जातो, आणि टंचाईच्या काळात युरियाबरोबर नको असलेले दुसरे उत्पादन गळ्यात मारण्याचे ‘लिंकिंग’ सर्रास चालते. तरीही, खतविक्री उद्या शेतकरी ओळख क्रमांकाशी आणि त्यावरच्या क्षेत्राशी बांधली गेली, तर बिनकागदाच्या कसणाऱ्याला मिळणारा हा शेवटचा आधारही जाईल. धोरण ठरवणाऱ्यांसमोर हा प्रश्न पुराव्यासह मांडायचा, तर गावातले आकडे लागतात.

कृषी-उद्योगांकडे जाणारा पैसा बघायचा असेल तर चाकणहून तळेगावकडे वळावे. अमेरिकेत किंवा युरोपात शेती करणारी कंपनी स्वतःच्या नावाने अनुदान घेते. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही, त्यामुळे इथला कृषी-उद्योग कागदावर बहुधा कुटुंबाच्या रूपात दिसतो. मावळातली फुलशेती हे त्याचे उत्तम उदाहरण. तळेगावला एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क आहे, कृषी पणन मंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि व्हॅलेंटाइन डेच्या आधी मावळातला ‘टॉप सिक्रेट’ जातीचा लाल गुलाब परदेशी जातो. या सगळ्याच्या पायाशी २००५-०६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आणि त्याआधीपासूनचे राष्ट्रीय फलोत्पादन मंडळ यांची अनुदाने आहेत. पॉलिहाऊसला मापदंडातल्या खर्चाच्या ५० टक्के, आणि बराच काळ लाभार्थीमागे ४,००० चौरस मीटरची मर्यादा, म्हणजे जवळजवळ एक एकर.

मर्यादा व्यक्तीमागे असल्याने खातेफोड होते. वडील, आई, थोरला, धाकटा असे चार अर्ज आणि चार पॉलिहाऊसेस, मधे पत्राही नाही. यादीत चार लहान शेतकरी, प्रत्यक्षात चार एकरांचा एक व्यवसाय. याला लगेच लबाडी म्हणू नये. गुलाबाची निर्यात एका एकरावर परवडत नाही, आणि नियम करणाऱ्यांनाही ते ठाऊक असते. शिवाय बँकेशी निगडित अनुदान कर्ज घेतल्याशिवाय मिळत नाही, ते राखीव निधीत ठेवले जाते आणि कर्जाच्या शेवटी वळते होते. म्हणजे तारण द्यायची ऐपत ज्याच्याकडे आहे, त्याच्यापासूनच रांग सुरू होते. विमानवाहतुकीच्या खर्चात मिळणाऱ्या मदतीवरही मर्यादा आल्या, कारण जागतिक व्यापार संघटनेच्या २०१५ च्या नैरोबी परिषदेत निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठरले आणि विकसनशील देशांना वाहतूक व विपणनाची सूट २०२३ अखेरपर्यंतच होती. मावळातल्या गुलाबाचा हिशोब असा नैरोबीपर्यंत पोहोचतो.

चाकणमध्ये बसून आणखी एक तुलना टाळता येत नाही. शेताच्या बांधापलीकडचा कारखानाही सरकारी मदत घेतो. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे : राज्याच्या जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात आणि मुद्रांक शुल्कात माफी, मोठ्या प्रकल्पांना खास सवलती. तिला कोणी खिरापत म्हणत नाही, गुंतवणूक म्हणतात. कारखान्याला मिळणारी माफी तिजोरीतून बाहेर पडताना दिसत नाही, शेतकऱ्याचे दोन हजार मात्र टीव्हीवर कळ दाबून वाटले जातात. दोन्ही रकमा सार्वजनिक आहेत. एकाच तालुक्याच्या नकाशावर त्या शेजारी-शेजारी मांडल्या, तर कोणाच्या वाट्याला किती येते यावरची चर्चा बरीच शहाणी होईल. पाणीही त्याच नकाशावर हवे. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून शहराला नेण्याच्या प्रकल्पाविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. मावळात कोणाला काय मिळते हा प्रश्न विचारताना तो दिवस विसरून चालत नाही.

बाहेरच्या देशांकडून आपण काय घ्यावे? अमेरिकेत १९३३ च्या कायद्यापासून काउंटीच्या पातळीवर शेतीची देयके होत आली, आणि तिथल्या एका पर्यावरणवादी संस्थेने सरकारकडून नोंदी मिळवून कोणत्या काउंटीत कोणाला किती मिळाले याचा शोधता येण्याजोगा साठाच लोकांपुढे ठेवला. मोठा वाटा थोड्या मोठ्या शेतांकडे जातो, हे त्यामुळे साऱ्यांना दिसले. युरोपीय संघानेही लाभार्थींची नावे प्रसिद्ध करायला सुरुवात केली, पण २०१० मध्ये तिथल्या न्यायालयाने व्यक्तींची नावे अशी सरसकट छापणे खासगीपणाच्या हक्कात बसत नाही असे ठरवले. आपल्याकडे पीएम-किसानच्या गावनिहाय याद्या कोणालाही पाहता येतात. खतावरच्या अनुदानाचा गावनिहाय हिशोब मात्र सहजासहजी मिळत नाही. नव्या अभ्यासकांना माझी कळकळीची विनंती आहे, की याद्या वापराव्यात, नावे छापू नयेत. दोन हजारांच्या हप्त्यासाठी एखाद्या म्हाताऱ्याचे नाव पुस्तकात येण्याने कोणाचे भले होत नाही. रचना उघड करावी, माणूस झाकावा.

कामाला लागताना एकच गाव घ्यावे. सातबारा, आठ-अ आणि फेरफार आधी वाचावेत, मग सोसायटीची कर्जदार यादी, मग बाजार समितीतल्या पट्ट्या, मग कृषी विभागाची पूर्वसंमतीची आणि मोका तपासणीची कागदपत्रे. हे झाल्यावरच घरोघरी जावे. उलट क्रमाने गेलात तर काय विचारायचे तेच कळत नाही. बायकांशी स्वतंत्रपणे बोलावे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम चालवून पुरुषांना आपली काही जमीन स्वखुशीने पत्नीच्या नावे करायला लावले होते. त्या उताऱ्यांवर आज कोणाचे नाव आहे, त्या बाईच्या नावावर आलेला पैसा कोण काढते, आणि लाडकी बहीण योजनेत शेतकरी निधी घेणाऱ्या स्त्रीला १,५०० ऐवजी ५०० मिळू लागल्यावर घरात कोणते नाव ठेवायचे, कोणते काढायचे याचा निर्णय कसा झाला, हे कोणीतरी बसून विचारायला हवे.

आणि शिक्क्यांच्या जमिनी आहेत. खेड तालुक्यात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी किंवा उद्योगांसाठी राखलेल्या जमिनींच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात शेरे पडले आहेत. लोक त्यांना शिक्के म्हणतात, आणि शिक्के काढा ही त्यांची जुनी मागणी आहे. काही ठिकाणी जमीन संपादित झाली, उताऱ्यावर महामंडळाचे नाव लागले, पण कारखाना आला नाही आणि जुने कुटुंब तिथेच पेरत राहिले. त्या पिकाला विमा कोणाचा, अवकाळीत पंचनामा कोणाच्या नावाने, कांदा पडला तर क्विंटलमागचे पैसे कोणाला? नव्याने येणाऱ्याने अशाच एखाद्या गावापासून सुरुवात करावी, आणि शक्यतो पेरणीच्या दिवसांत जावे. तेव्हा जमीन कोण कसतो ते विचारावे लागत नाही.